बानाबाईचा वहीम

बानाबाईनं पहिल्या झटक्यात कशावरच विश्वास ठेवला नाही. एसटीच्या पाटीवर नाही, दवाखान्यातल्या गोळीवर नाही, आणि सरकारवर तर नाहीच नाही. मी अंगणवाडीची सेविका आणि ती माझी मदतनीस. इतकी वर्षं आम्ही एका खोलीत काढली, पण तिचा माझ्यावर विश्वास कधी बसला हे मला आजही सांगता येणार नाही. बसला होता का, तेही छातीठोकपणे सांगत नाही.

आमची खडकवाडी वाळूजच्या पलीकडं. एमआयडीसी आली आणि गावाबाहेरचा माळ तारेच्या कुंपणात गेला. बानाबाई आणि तिचा नवरा त्रिंबक याच माळावर मेंढरं चारायचे. माळ गेला तशी मेंढरं विकावी लागली. त्रिंबक त्याच माळावर एका कंपनीच्या गेटला खाकी कपडे घालून वॉचमन म्हणून उभा राहिला. कुणाची गाय चुकून आत शिरली की हाकलायचं काम त्याचंच. बानाबाई माझ्याकडं आली. घरोघरी जाऊन पोरं गोळा करायची, झाडझूड करायची, सुकडी शिजवायची आणि पोरांना पाणी पाजायचं, हे तिचं काम.

कामाला ती वाघ होती, पण वहीम लई. सुकडी शिजली की आधी स्वतः खाणार, भिंतीला टेकून बसणार, आणि पोटात काही होत नाही अशी खात्री पटली की मग पोरांना वाढणार. तोवर पोरं ताटल्या वाजवत बसलेली. वजनकाटा आला तेव्हा तर तिनं दारच अडवलं. म्हणाली, "बाई, गिऱ्हाईक आलं की मेंढरू उचलून वजन बघतंय. ही पोरं कोण घ्यायला येणार हाय?" शेवटी प्रत्येकाच्या कानामागं काजळाचं बोट लावूनच ती पोरांना काट्याच्या झोळीत बसवू लागली. मी कपाळाला हात लावला, पण पोरं बसत होती ना, मग म्हटलं लाव बाई काजळ.

खोली माझ्या सासऱ्यांची होती. त्यांचं नाव कारभारी, आणि गावात कारभारही त्यांचाच चालायचा. पूर्वी त्या खोलीत सरकी भरलेली असायची. सून सेविका झाली म्हणून त्यांनी ती अंगणवाडीला दिली, भाडं घेतलं नाही. मात्र खोली त्यांची, म्हणून शब्दही त्यांचाच. दुसरी जागा गावात मिळणार नव्हती. खोली गेली की अंगणवाडी गेली, हे मला पुरतं ठाऊक होतं.

आणि मला ती जाऊ द्यायची नव्हती. अठ्ठ्याहत्तर साली विद्यापीठाच्या नावावरून मराठवाड्यात घरं जळली, माणसं मेली. त्यानंतर आमच्याकडं भीमनगरची पोरं वरच्या गावात खेळायला येईनाशी झाली. आठनऊ वर्षं लोटली तरी येत नव्हती. मी अंगणवाडी धरली तेव्हा भीमनगरच्या गोजरबाईनं पहिल्यांदा धीर करून आपली मुलगी पंचशीला माझ्या सतरंजीवर आणून बसवली. तिच्यामागून आणखी चारपाच आली. वरची आणि खालची पोरं एकमेकांच्या अंगावर लोळताना बघायला गावात तेवढी एकच जागा होती. त्याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नव्हते.

फक्त पाण्याची गोष्ट होती. बानाबाई वरच्या गावातल्या पोरांना स्टीलच्या ग्लासात पाणी द्यायची. पंचशीला आली की तिची ओंजळ करायला लावून वरून पाण्याची धार धरायची. मी समोर असले तर मी ग्लास द्यायचे, मी पाठ फिरवली की पुन्हा ओंजळ. बोलले तर म्हणायची, "ओंजळीनं गार लागतं, बाई." जगातल्या प्रत्येक गोष्टीवर शंका घेणाऱ्या या बाईला या एका रीतीवर मात्र कधी शंका आली नव्हती.

अशात पुस्तकं आली.

सुपरवायझर मॅडम जीपमधून उतरल्या आणि सुतळीनं बांधलेला गठ्ठा माझ्या हातात दिला. नवी कोरी चित्रांची पुस्तकं, लहान मुलांसाठी. तोवर आमच्याकडं चित्र म्हणजे भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा तक्ता. मला इतका आनंद झाला की मी तिथंच गठ्ठा सोडला. बानाबाईनं वरचं पुस्तक उचललं आणि नाकाला लावलं.

"रॉकेलचा वास येतोय."

"शाईचा आहे तो."

"फुकट दिलं?"

"पोरांसाठी आहेत, बानाबाई. सरकारनं दिली."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली आणि सगळी पुस्तकं पेटीत घालून कुलूप लावलं. किल्ली कमरेला. तिनं स्वतः एकूणएक पान बघितल्याशिवाय पोरांच्या हातात पुस्तक पडणार नव्हतं. तिला अक्षर येत नव्हतं, पण चित्रं ती अशी निरखायची की चित्रकार समोर असता तर पळून गेला असता. एका पानावर मेंढी होती, पांढरी, गुबगुबीत. बानाबाईनं मला हाक मारून बोलावलं. "ही मेंढी नाय. हा कापूस हाय, पाय लावलेला. ह्यांनी मेंढीच खोटी काढली, मग बाकीचं खरं कशावरनं?"

मेंढी ज्या पुस्तकात होती त्याचं नाव 'नवी नाव', गठ्ठ्यात त्याच्या चारपाच प्रती होत्या. एका म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीला भोक पडतं, मग नदीकाठची पोरं आणि सुतार मिळून त्याला नवी होडी करून देतात. होडी निळी, वर भगवं शीड. एकेक करून सगळे त्यात येऊन बसतात, ती कापसाची मेंढीसुद्धा. आणि शेवटच्या पानावर होडी नदीच्या मध्यावर आहे. तिथं एक अक्षर नाही. मोठा फेटा बांधलेला एक म्हातारा तांब्यानं पाणी पितोय, आणि तांब्या त्याच्या हातात दिलाय तो फाटक्या परकरातल्या एका काळ्यासावळ्या मुलीनं. तिच्या पलीकडचं पोरगं आपली पाळी यायची वाट बघतंय.

पोरांना ते पुस्तक लई आवडलं. मी वाचून दाखवायचे, आणि दुपारी मी नोंदी करत बसले की बानाबाई आपल्या मनानं चित्रं दाखवायची. शेवटच्या पानाशी आली की मात्र ती दोन पानं एकदम उलटायची आणि "संपलं" म्हणून पुस्तक मिटायची. मी हे बघत होते.

पुस्तकात दोन ओळी होत्या, त्या पोरांनी उचलल्या आणि दिवसभर ओरडायला लागली:

"नवी नाव आली, नवी नाव आली,
बसा रे बसा, जागा झाली!"

ते अठ्ठ्याऐंशी साल होतं. विद्यापीठाच्या नावाचा वाद दहा वर्षं चिघळत होता, आणि त्यात आता शहराच्या नावाचा नवा वाद पेटला होता. गुलमंडीत कापड घ्यायला जावं तर भिंतीवर एक नाव, वळून यावं तर त्यावर काळं फासलेलं. विद्यापीठाचं नाव बदला म्हणणारा गट निळा, शहराचं बदला म्हणणारा भगवा. पाहुण्याला नाव विचारतानासुद्धा माणसं जरा चाचरायची, असे ते दिवस.

आणि अंगणवाडीसमोर पुंडलिकची पिठाची गिरणी. गिरणीच्या धडधडीत पुंडलिकला ऐकू आलं, 'नवी नावं आली.' नाव नाही, नावं. आमच्या बोलीत दोन्ही कानाला जवळजवळ सारखंच लागतं. नवी नावं आली, बसा रे बसा. तो दळण सोडून बाहेर आला आणि उंबऱ्यावर पडलेलं पुस्तक बघून गेला. होडीचा निळा रंग तेवढा त्याला दिसला. संध्याकाळपर्यंत वरच्या गावात झालं की अंगणवाडीत पोरांना विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणा शिकवतात.

हीच बातमी दळणाच्या डब्यांबरोबर खाली भीमनगरला गेली, तोवर ती उलटी झाली होती. तिथं पोरांनी घरी सांगितलं होतं की नावेवर भगवं शीड आहे. म्हणजे शहराच्या नव्या नावाची घोषणा, आणि ती आमच्या लेकरांच्या तोंडून.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई दारात आली. ती कंपनीच्या बांधकामावर जायची, डोक्याची चुंबळ तिच्या हातातच होती. "बाई, माझ्या पोरीला कोणत्या नावाच्या घोषणा शिकवता तुमी?"

"गोजरबाई, नाव म्हणजे होडी. पाण्यातली."

"मला वाचता येत नाय," ती म्हणाली. "पर तुमी कोणाच्या घरच्या ते मला माहीत हाय." पंचशीलाचं बखोट धरून ती निघाली. तिच्यामागं भीमनगरची बाकीची पोरंही गेली. सतरंजीचा तो कोपरा मोकळा पडला आणि मला रडू आलं. मी म्हटलं, पुस्तक द्या, मी भीमनगरला जाऊन दाखवते. बानाबाईनं किल्ली मुठीत घट्ट धरली.

"आता कोणालाच द्यायचं नाय. आन् बाई, खरं सांगा, ते नाव कोणाचं?"

"अहो, होडी! चित्र बघितलंत ना तुम्ही!"

"मग होडीला होडी कामून नाय म्हटलं?"

लिहिणाऱ्याची लहर, दुसरं काय.

त्या दुपारी सासरे आले. मागं पुंडलिक, मिशांवर पीठ. मी पदर पुढं ओढून भिंतीकडं सरकले. सासऱ्यांना मी मामा म्हणायचे, पण चारचौघांत त्यांच्याशी समोरासमोर बोलायची आमच्यात रीत नव्हती. बोलायचं ते दुसऱ्याच्या तोंडून.

"पुस्तकं बाहेर काढा," मामा म्हणाले. "चूल पेटलेलीच हाय, तिच्यात घाला. नाय तर उद्यापास्नं खोली रिकामी करा. माझ्या खोलीत हे धंदे नकोत."

मी म्हटलं, "बानाबाई, मामांना सांगा, की नाव म्हणजे होडी असते. नामांतराचा काही संबंध नाही."

बानाबाई पेटीवर जाऊन बसली. "बापू, त्या म्हणत्यात होडी हाय. मला काय ठाऊक नाय. मला त्यांचाबी भरवसा नाय आन् तुमचाबी नाय."

अशी माझी दुभाषी. मी पदराआड दात खाल्ले.

"पर जाळायची एवढी घाई कामून?" ती पुढं म्हणाली. "आमच्याकडं मेंढरू घ्याया आलेलं माणूस आधी पाय बघतं, दात बघतं. न बघता मेंढरू उचलणाऱ्याला आमी काठी दाखवायचो. आधी बघा. मग जाळायचं का ते बोलू."

"वाचून कोण दाखवणार? ह्याच दाखवणार ना," पुंडलिक माझ्याकडं हात करून म्हणाला.

"वाचायचं कशाला? चित्रं हायती. तुमाला डोळे हायती."

ती पेटीवरून उठली, कुलूप काढलं आणि पुस्तक मामांच्या हातात दिलं. मामा निजामाच्या अमलात मदरशात, म्हणजे तेव्हाच्या सरकारी शाळेत, शिकलेले. उर्दू झरझर वाचायचे, मराठी मात्र अडखळत. त्यांनी मुखपृष्ठ लांब धरलं. "ही तर किश्ती हाय."

"बानाबाई, मामांना सांगा, तिलाच नाव म्हणतात."

"ते मला कळतंय," मामा थेट म्हणाले. "उर्दूतबी नावच म्हणत्यात. आमच्या मदरशाच्या किताबात होती." मग ते पुंडलिककडं वळले. "तू तर नावं म्हणलास."

"गिरणी चालू होती, बापू," पुंडलिक म्हणाला आणि मिशांवरचं पीठ झटकायला लागला.

मला हसू आवरेना. मामा पाटावर बसले आणि एकेक पान बघू लागले. त्यात चांगलेच रमले. सुतारानं रंधा उलटा धरलाय म्हणून चित्रकाराला एक शिवी दिली. मेंढीपाशी थांबून म्हणाले, "ही काय हाय?" बानाबाई म्हणाली, "मी तेच म्हणत होते." मला वाटलं, संपलं एकदाचं. खोली राहिली.

मग शेवटचं पान आलं. मामांनी ते बराच वेळ बघितलं. त्या फेटेवाल्या म्हाताऱ्यावर बोट ठेवलं, तांब्यावर ठेवलं, मुलीवर मात्र ठेवलं नाही. पुस्तक मिटून ते अगदी शांत आवाजात म्हणाले, "पुस्तक ठेवा. खोलीबी ठेवा. हे शेवटचं पान तेवढं फाडून टाका, सगळ्या प्रतींतलं."

मला रागच आला. नावाचा गैरसमज होता, तो गेला. आता गैरसमज कशाचाच नव्हता. मी म्हटलं, "बानाबाई, मामांना सांगा, पान फाटणार नाही."

बानाबाईनं पुस्तक त्यांच्या हातातून घेतलं आणि तेच पान उघडलं, जे ती रोज घाईनं उलटून टाकायची. ही आता फाडेल, मला खात्रीच होती. जन्मभर हीच रीत पाळलेली बाई, आणि आता खोलीच्या मालकाचाच हुकूम.

"बापू," ती म्हणाली, "रंधा उलटा, तो तुमाला चालला. मेंढी खोटी, ती चालली. हे एकच पान चालत नाय. म्हंजी ह्या पुस्तकात खरं काय असंल तर ते एवढंच असणार."

"बानाबाई, तुला काय सांगितलं ते कर."

"माझ्यानं व्हणार नाय. तुमी फाडा." तिनं उघडं पुस्तक त्यांच्यापुढं धरलं. "पर पोरं बसल्यात, त्यांच्यासमोर फाडा. उद्या पोरं इच्यारतील, पान कोणी फाडलं. मी नाव सांगीन."

पोरं सतरंजीवरून बघत होती. त्यांत मामांचा सख्खा नातू होता, माझाच मुलगा. मामांनी त्याच्याकडं बघितलं, माझ्या पदराकडं बघितलं, चपला पायात सरकवल्या आणि निघून गेले. खोलीचं काय, ते बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप नव्हतं, यावरून आम्ही काय ते समजलो.

पण कोपरा मोकळाच होता. संध्याकाळी बानाबाई पुस्तक पदराखाली घेऊन भीमनगरला निघाली, मी मागोमाग. गोजरबाई भाकरी टाकत होती. बानाबाईनं उंबऱ्याशी बसून तिला पानं दाखवली, तोंडानं काही सांगितलं नाही. गोजरबाईनं सगळी बघितली. शेवटचं पान बघून ती तवा उतरवून आमच्याकडं वळली.

"हे चित्रात हाय," ती म्हणाली. "तुमच्या खोलीत काय हाय ते माझी पोर मला सांगती. ओंजळ."

बानाबाईची मान खाली गेली. तिला असं मी आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही. ती म्हणाली, "उद्या पाठव. तूबी ये. माझ्यावर इश्वास ठेवू नको, उभं राहून बघ."

गोजरबाई आली. विश्वास ठेवून नव्हे, हातात चुंबळ घेऊन दारात उभी राहून बघायला आली. पंचशीला खेळून दमली आणि पाणी मागायला माठापाशी गेली. सवयीनं तिनं ओंजळ पुढं केली. बानाबाईनं ग्लास भरला आणि तिच्यापुढं धरला. पोरीला कळेना, तिनं ओंजळ आणखी वर केली. तेव्हा बानाबाईनं खाली बसून तिची ओंजळ सोडवली आणि एकेक बोट ग्लासाभोवती आवळून दिलं. पाणी थोडं सांडलं. पोरीनं ग्लास रिकामा केला आणि आणखी मागितलं.

गोजरबाईनं चुंबळ डोक्यावर ठेवली आणि कामाला गेली. दोनचार दिवसांत कोपरा भरला.

मामांनी कित्येक महिने माझ्या हातचा चहा घेतला नाही, तो भाग वेगळा. आणि गाव काही पुस्तकातल्यासारखं एका होडीत बसलं नाही. विद्यापीठाचं नाव पुढं सहा वर्षांनी बदललं, तेव्हाही आमच्याकडं दारं लावून घेतलेली होती. पण अंगणवाडीच्या माठावर सगळ्या पोरांना एकच ग्लास राहिला.

बानाबाईचा वहीम मात्र गेला नाही, वाढला. रोज खोली बंद करताना ती पेटी उघडायची आणि त्या पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीचं शेवटचं पान बघायची. कुणी फाडून तर नेलं नाही ना. मी म्हणायचे, बानाबाई, आता कोण फाडतंय? ती म्हणायची, "तुमी गप बसा, बाई. तुमचा इश्वास लई लवकर बसतो."

ती कामावरून निवृत्त झाली त्या दिवशी आम्ही तिला नारळ आणि लुगडं दिलं. नवी मदतनीस, पंचशीलाची चुलत बहीण, किल्ली घ्यायला हात पुढं करून उभी होती. बानाबाईनं किल्ली दिली नाही. ती आधी पेटीपाशी बसली, चिकटपट्ट्यांनी जोडलेलं, कोपरे झिजलेलं ते एकच उरलेलं पुस्तक काढलं आणि मागून उघडलं.

"हाय," ती म्हणाली, आणि मग किल्ली दिली.